त्रिएस्तीनो बोली

त्रिएस्तीनो (स्थानिक उच्चार : त्रिएस्तीन) ही इटलीच्या ईशान्य टोकाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेल्या त्रिएस्ते शहरात व त्याच्या परिसरात बोलली जाणारी व्हेनेशियन भाषेची एक बोली आहे. व्याकरण व मूळ शब्दसंपदा या दृष्टीने ती व्हेनेशियन असली, तरी जर्मन, स्लोव्हेन, फ्रिउली आणि ग्रीक या भाषांचे ठसे तिच्यावर उमटलेले आहेत. ही बोली व्हेनिसच्या भाषेतून घडली. परंतु ज्या शहरात ती रुजली, ते शहर काही अल्पकाळ सोडता व्हेनिसच्या सत्तेखाली कधीच नव्हते. १३८२ पासून १९१८ पर्यंत त्रिएस्ते हे मुख्यतः ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या अमलाखाली होते. राजसत्तेने न लादलेली, व्यापार आणि स्थलांतर यांतून लोकांनी आपली केलेली बोली म्हणून भाषाशास्त्रात तिचा अभ्यास केला जातो.

वर्गीकरण

व्हेनेशियन ही लॅटिनपासून विकसित झालेल्या रोमान्स भाषांपैकी एक होय. बोलीभाषा म्हणून तिचा उल्लेख होत असला, तरी ती प्रमाण इटालियनपासून निघालेली नाही. प्रमाण इटालियनचा पाया असलेली तोस्काना प्रांतातील बोली आणि व्हेनेशियन या दोन्ही लॅटिनपासून स्वतंत्रपणे वाढल्या. व्हेनेशियन जेथे मुळात बोलली जात नव्हती, पण दर्यावर्दी व्यापाराबरोबर जेथे जाऊन स्थिरावली, अशा प्रदेशांतील तिच्या रूपांना अभ्यासक ‘वसाहती व्हेनेशियन’ म्हणतात. त्रिएस्तीनोची गणना याच गटात होते. इस्त्रिया द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरील व्हेनेशियन, ग्रादो या बेटावरची बोली आणि मोन्फाल्कोनेच्या परिसरातील बिझियाको या तिच्या शेजारच्या बोली आहेत.

इतिहास

पूर्वीची भाषा : तेर्जेस्तीनो

त्रिएस्तेचे रोमन काळातील नाव तेर्जेस्ते असे होते. त्यावरून या शहराच्या जुन्या बोलीला तेर्जेस्तीनो म्हटले जाते. ही बोली व्हेनेशियन नव्हती; तिचे नाते शेजारच्या फ्रिउली भाषेशी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती मोजक्या वृद्धांच्या तोंडी उरली आणि पुढे नामशेष झाली. तिचा सर्वांत महत्त्वाचा लिखित पुरावा म्हणजे जुझेप्पे माइनाती यांनी १८२८ मध्ये प्रसिद्ध केलेले संवादांचे पुस्तक. माइनाती हे सान जुस्तो या त्रिएस्तेच्या मुख्य चर्चचे सेवेकरी होते. शहरातील वडीलधाऱ्यांची बोली लोप पावत असल्याचे पाहून त्यांनी ती इटालियन रूपांतरासह छापून ठेवली. पुढे १८७३ मध्ये गोरित्सिया येथे जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ग्रात्सिआदियो इझाया आस्कोली यांनी अशा बोलींचा तौलनिक अभ्यास करून तेर्जेस्तीनोचे फ्रिउलीशी असलेले नाते स्पष्ट केले. त्रिएस्तेजवळच्या मुज्जा या गावीही याच जातीची एक बोली होती. तिचे अवशेष याकोपो काव्हाल्ली यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ती बोलीही शतक संपता संपता अस्तंगत झाली.

मुक्त बंदर आणि बोलीचा बदल

व्हेनिसच्या वर्चस्वापासून बचाव व्हावा म्हणून त्रिएस्तेने १३८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचे संरक्षण पत्करले. त्यानंतरची तीन शतके ते एक लहानसे गाव होते. १७१९ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने त्रिएस्ते हे मुक्त बंदर म्हणून घोषित केले. त्या वेळी तेथील लोकसंख्या जेमतेम पाच-सहा हजार होती. राणी मारिया तेरेसा हिच्या कारकिर्दीत नवी वस्ती उभारण्यात आली. १७८१ च्या सहिष्णुतेच्या आदेशाने कॅथलिकेतर पंथीयांना उपासनेची मुभा मिळाली आणि ग्रीक, सर्ब, ज्यू, आर्मेनियन, जर्मन, स्लोव्हेन, क्रोएशियन आणि इटालियन अशा अनेक समाजांचे लोक येथे येऊन राहू लागले. १८५७ मध्ये व्हिएन्नाशी लोहमार्ग जोडला गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ऑस्ट्रियन लॉइड या त्रिएस्तेच्या कंपनीच्या आगबोटी मुंबईपर्यंत ये-जा करू लागल्या. १९१० पर्यंत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ३० हजारांवर पोहोचली.

एवढ्या विविध लोकांना परस्परांशी व्यवहार करण्यासाठी एक समान भाषा हवी होती. शासनाची भाषा जर्मन होती, आसपासच्या खेड्यांची स्लोव्हेन, तर जुन्या शहराची तेर्जेस्तीनो. परंतु एड्रियाटिकच्या बंदरांत नावाडी, दलाल आणि व्यापारी शतकानुशतके व्हेनेशियन बोलत आले होते. इस्त्रियाचा किनारा १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होता आणि तेथून येणाऱ्या माणसांची मातृभाषाही व्हेनेशियनच होती. त्यामुळे बंदरात नव्याने येणारा प्रत्येकजण तीच शिकला. जुन्या शहरवासीयांची संख्या नवागतांच्या मानाने अत्यल्प ठरली आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांनीही आपली बोली सोडून नवी स्वीकारली. ज्या व्हेनिसपासून दूर राहण्यासाठी त्रिएस्ते ऑस्ट्रियाकडे गेले, त्याच व्हेनिसची भाषा, व्हेनिसचे प्रजासत्ताक लयास जात असतानाच्या काळात, त्रिएस्तेच्या घराघरांत स्थिरावली.

राष्ट्रवादाचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘आपण कोणती भाषा बोलतो’ हा प्रश्न राजकीय बनला. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत व्यवहाराच्या भाषेची नोंद होत असे. १९१० च्या जनगणनेचे काम इटालियन पक्षाच्या ताब्यातील नगरपालिकेकडे होते. स्लोव्हेन भाषकांची संख्या कमी दाखवल्याच्या तक्रारी झाल्या आणि सरकारने फेरतपासणी करवली. सुधारित आकड्यांनुसार सुमारे १ लाख १९ हजार लोकांची भाषा इटालियन, सुमारे ५७ हजारांची स्लोव्हेन आणि सुमारे १२ हजारांची जर्मन होती. परदेशी नागरिकांची संख्या वेगळी धरण्यात आली होती. ज्यांची नोंद ‘इटालियन’ म्हणून झाली, त्यांतील बहुतेकांची रोजची बोली त्रिएस्तीनो होती. अनेक स्लोव्हेन व जर्मन कुटुंबांतील माणसेही बाजारात व कारखान्यात तीच बोलत असत. म्हणजे जनगणनेच्या रकान्यांनी माणसे जितकी वेगळी केली, तितकी ती प्रत्यक्ष बोलण्यात वेगळी नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर त्रिएस्ते इटलीत सामील झाले. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्ट जमावाने शहरातील स्लोव्हेन समाजाचे केंद्र असलेले नारोद्नी दोम हे सभागृह जाळले. लेखक बोरिस पाहोर (१९१३–२०२२) यांनी ती आग लहानपणी स्वतः पाहिली होती आणि पुढे त्यांच्या लेखनात ती वारंवार येत राहिली. १९२३ च्या शिक्षणविषयक सुधारणांनंतर स्लोव्हेन माध्यमाच्या शाळा क्रमाने बंद करण्यात आल्या. १९२७ पासून स्लाव्ह व जर्मन आडनावांना इटालियन रूप देण्याची मोहीम या प्रांतात राबवली गेली. शाळा, पाट्या आणि आडनावे यांवर आदेश चालला. परंतु तोवर त्रिएस्तीनोत मुरलेले स्लोव्हेन व जर्मन शब्द कोणत्याही आदेशाने निघाले नाहीत. ते वापरणाऱ्यांना ते परके आहेत याची जाणीवही नव्हती.

१९४५ नंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये त्रिएस्ते हा स्वतंत्र प्रदेश म्हणून निर्माण करण्यात आला. शहराचा भाग ब्रिटिश-अमेरिकन लष्करी प्रशासनाखाली, तर दक्षिणेचा भाग युगोस्लाव्हियाच्या प्रशासनाखाली होता. १९५४ मध्ये शहर पुन्हा इटलीच्या प्रशासनाखाली आले आणि १९७५ च्या ओझिमो कराराने सीमा निश्चित झाली. या वर्षांत इस्त्रिया सोडून आलेली अनेक व्हेनेशियन भाषक कुटुंबे त्रिएस्तेत स्थायिक झाली. याच सुमारास त्रिएस्तेतून हजारो लोक ऑस्ट्रेलियात गेले व त्यांच्यासोबत ही बोलीही तेथे पोहोचली.

ध्वनिवैशिष्ट्ये

प्रमाण इटालियनशी तुलना करता त्रिएस्तीनोची पुढील वैशिष्ट्ये ठळकपणे जाणवतात. यांतील बहुतेक सर्व व्हेनेशियन बोलींना समान आहेत.

• द्वित्त व्यंजने नसतात. इटालियन ‘गात्तो’ (मांजर) याचे रूप ‘गातो’ असे होते.
• दोन स्वरांमधील कठोर व्यंजन मृदू होते. ‘फुओको’ (अग्नी) याचे ‘फोगो’, ‘फ्रातेल्लो’ (भाऊ) याचे ‘फ्रादेल’ होते.
• न, ल, र यांच्या नंतरचा अंत्य स्वर पुष्कळदा गळतो. ‘काने’ (कुत्रा) याचे ‘कान’, ‘पाने’ (पाव) याचे ‘पान’ होते. धातूंची मूळ रूपेही ‘पार्लार’ (बोलणे), ‘मान्यार’ (खाणे) अशी रकारान्त असतात.
• व्हेनिस शहराच्या बोलीत शब्दाच्या मध्यभागी येणारा ‘ल’ इतका क्षीण होतो की तो जवळजवळ ऐकू येत नाही. त्रिएस्तीनोत मात्र तो पूर्ण उच्चारला जातो. दोन शहरांतील वक्ते याच खुणेवरून एकमेकांना चटकन ओळखतात.

व्याकरण

त्रिएस्तीनोत क्रियापदाच्या आधी, मुख्य सर्वनामाखेरीज, त्याला चिकटून येणारे एक लघुसर्वनाम काही पुरुषांत आवश्यक असते. ‘बोलणे’ या धातूची वर्तमानकाळी रूपे अशी आहेत :

• मी बोलतो : मी पार्लो
• तू बोलतोस : ती ते पार्ली
• तो बोलतो : लुई एल पार्ला
• आम्ही बोलतो : नोई पार्लेमो
• तुम्ही बोलता : वोई पार्ले
• ते बोलतात : लोरी ई पार्ला

(प्रथमपुरुषी सर्वनाम ‘मी’ हे मराठीसारखे दिसत असले, तरी ते लॅटिनमधून आलेले आहे.) तृतीयपुरुषी एकवचन व अनेकवचन यांत क्रियापदाचे रूप एकच राहते आणि ‘एल’ किंवा ‘ई’ या लघुसर्वनामावरून वचन कळते.

‘असणे’ या क्रियापदाचे तृतीयपुरुषी रूप ‘झे’ असे आहे. त्यातील ‘झ’ हा ‘झरा’ या शब्दातल्याप्रमाणे उच्चारावा. लिहिताना ते रोमन लिपीतील ‘एक्स’ या अक्षराने लिहिले जाते आणि कोणताही मजकूर व्हेनेशियन परिवारातील आहे हे ओळखण्याची ती सोपी खूण ठरते.

जुन्या व्हेनेशियनमध्ये प्रश्न विचारताना क्रियापद व सर्वनाम यांची अदलाबदल होत असे. त्रिएस्तीनोने ती रचना टाकून दिली असून प्रश्न केवळ स्वराच्या चढउताराने किंवा प्रश्नार्थक शब्दाने दर्शवला जातो. ‘तुला काय हवे?’ याला ‘कोसा ते वोल?’ म्हणतात. अनेक भाषकांच्या समूहाने एखादी भाषा आपलीशी केली की तिची अवघड रूपे सोपी होत जातात, त्याचे हे उदाहरण मानले जाते.

संकेतार्थी वाक्यांत प्रमाण इटालियनमध्ये ‘जर’च्या उपवाक्यात एक आणि मुख्य वाक्यात दुसरे रूप योजावे लागते. त्रिएस्तीनोत बोलताना दोन्हीकडे एकाच प्रकारचे रूप येते. ‘वेळ असता, तर आलो असतो’ या मराठी वाक्यातही दोन्ही ठिकाणी ‘असणे’चे एकाच जातीचे रूप येते, त्यामुळे मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. इटालियन शाळांत मात्र ती चूक मानली जाते आणि त्रिएस्तेच्या मुलांच्या निबंधांत शिक्षकांच्या लाल शाईची खूण पुष्कळदा याच जागी पडते.

शब्दसंपदा

जर्मनमधून आलेले शब्द

हे शब्द मुख्यतः ऑस्ट्रियातील जर्मनमधून आले असून स्वयंपाकघर, कारागिरी आणि खाद्यपदार्थ यांच्याशी त्यांचा विशेष संबंध आहे. ‘स्पार्गेर्त’ म्हणजे लाकडावर चालणारी लोखंडी चूल, ‘किफेल’ म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचा पदार्थ, ‘क्राफेन’ म्हणजे आत गोड सारण भरलेला तळलेला गोळा, ‘कुगुलुफ’ म्हणजे मधोमध पोकळी असलेला उंच केक. ‘स्मीर’ म्हणजे वंगण, ‘वित्स’ म्हणजे विनोद. ‘क्लान्फा’ म्हणजे लाकडे जोडण्याची लोखंडी कडी. शरीराला त्या कडीसारखा बाक देऊन पाणी उडवीत समुद्रात मारलेल्या उडीलाही ‘क्लान्फा’ असेच नाव असून उन्हाळ्यात या उड्यांच्या गमतीदार स्पर्धाही भरतात.

स्लोव्हेनमधून आलेले शब्द

शहराच्या पाठीशी असलेल्या कार्सो पठारावरील स्लोव्हेन गावांतून दूध, भाजी, पाव आणि मजूर शहरात येत. ‘क्लूका’ (दाराची मूठ), ‘पातोक’ (ओढा), ‘बाबा’ (बाई, विशेषतः गप्पिष्ट) हे शब्द त्या शेजारातून आले. ‘झिमा’ याचा स्लोव्हेन भाषेतील अर्थ हिवाळा. त्रिएस्तीनोत तो कडाक्याची थंडी या अर्थाने रूढ आहे. बोरा नावाचा ईशान्येचा सोसाट्याचा वारा सुटला की हा शब्द हमखास ऐकू येतो. हा स्लाव्ह शब्द आणि संस्कृतातील ‘हिम’ व ‘हेमंत’ हे शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळापासून आलेले आहेत. ‘पुतित्सा’ या अक्रोड भरलेल्या गोड पावाचे नावही स्लोव्हेन आहे.

‘ओस्मित्सा’ म्हणजे वर्षातील ठरावीक दिवस स्वतःच्या घरची वाइन व खाद्यपदार्थ विकणारे शेतकऱ्याचे घर. स्लोव्हेन भाषेत ‘ओसेम’ म्हणजे आठ. ऑस्ट्रियन अमदानीत अशी विक्री आठ दिवस करता येई, त्यावरून हे नाव पडले. ही प्रथा सम्राट दुसरा जोसेफ याच्या १७८४ च्या आदेशाशी जोडली जाते. आजही रस्त्याच्या वळणावर टांगलेली हिरवी डहाळी पाहून लोक ओस्मित्साची वाट शोधतात.

काही शब्दांत दोन्ही शेजारी एकत्र भेटतात. उकडलेल्या डुकराच्या मांसाबरोबर किसून खाल्ल्या जाणाऱ्या एका तिखट मुळीला त्रिएस्तेत ‘क्रेन’ म्हणतात. हा शब्द ऑस्ट्रियन जर्मनमध्ये आहे. पण जर्मनने तो मुळात स्लाव्ह भाषांकडून घेतला आहे.

इतर शब्द

काट्याचमच्यातील काट्याला ‘पिरोन’ म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द असून तो व्हेनेशियनच्या इतर बोलींतही आहे. मुलगा व मुलगी यांना ‘मूलो’ व ‘मूला’ म्हणतात. इटालियनमध्ये याच शब्दांचा अर्थ खेचर असा होत असल्यामुळे बाहेरून आलेला माणूस प्रथम चकित होतो. मराठी ‘मूल’ या शब्दाशी असलेले त्यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

रोजच्या व्यवहारातील खास प्रयोग

दुकानात एखादी वस्तू मागितल्यावर दुकानदार ‘वोलेन्तिएरी’ म्हणाला, तर इटलीत इतरत्र त्याचा अर्थ ‘आनंदाने देतो’ असा होतो. त्रिएस्तेत मात्र त्याचा अर्थ ‘दिली असती आनंदाने, पण नाही’ असा आहे. ‘नो से पोल’ (जमायचे नाही) हे वाक्य तर शहराच्या स्वभावाचे बोधवाक्य म्हणून थट्टेने उद्धृत केले जाते.

त्रिएस्ते हे कॉफीच्या आयातीचे मोठे बंदर आहे आणि येथील उपाहारगृहांत कॉफीची नावे निराळी आहेत. ‘नेरो’ म्हणजे काळी एस्प्रेसो, ‘कापो’ म्हणजे थोडे दूध घातलेली एस्प्रेसो आणि ‘कापो इन बी’ म्हणजे तीच कॉफी काचेच्या छोट्या पेल्यात.

साहित्य

कवी व्हिर्जीलियो जोत्ती (१८८५–१९५७) यांचा त्रिएस्तीनोतील पहिला काव्यसंग्रह १९१४ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियाची लष्करी सेवा टाळण्यासाठी ते तेथे जाऊन राहिले होते. बोलीतील कविता म्हणजे विनोद आणि स्थानिक रंग, ही समजूत त्यांनी मोडली. त्यांच्या कवितेत घर, मुले, मृत्यू आणि एकाकीपण हे विषय संयत स्वरात येतात. क्लाउदियो ग्रिझानचिच (जन्म १९३९) हे नंतरच्या पिढीतील महत्त्वाचे कवी होत. लीनो कार्पिन्तेरी आणि मारियानो फारागुना या जोडीने एड्रियाटिक किनाऱ्यावरील जुन्या खलाशांच्या तोंडी घातलेल्या ‘माल्दोब्रीए’ या विनोदी कथा रंगभूमीवरही लोकप्रिय झाल्या.

कादंबरीकार इतालो स्वेवो (१८६१–१९२८) यांनी इटालियनमध्ये लेखन केले. त्यांची घरातील भाषा त्रिएस्तीनो होती आणि त्यांच्या इटालियनवर समीक्षकांनी खडबडीतपणाचा आक्षेप घेतला. ‘झेनोचे मनोगत’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या त्यांच्या १९२३ च्या कादंबरीत नायक सांगतो की आपल्याला तोस्कानाच्या भाषेत लिहावे लागते, म्हणून आपल्या कबुलीजबाबात असत्य शिरते. बोलीत जगणाऱ्या आणि प्रमाणभाषेत लिहिणाऱ्या लेखकाची ही अडचण त्यांनी कादंबरीचाच विषय केली.

आयरिश लेखक जेम्स जॉइस १९०५ ते १९१५ या काळात, मधले काही महिने वगळता, त्रिएस्तेत इंग्रजी शिकवीत होते. त्यांची दोन्ही मुले येथेच जन्मली. कुटुंबाने शहर सोडून झुरिक व पॅरिस येथे बिऱ्हाड केल्यावरही घरातील बोलणे त्रिएस्तीनोतच चालू राहिले.

कोशरचनेत एर्नेस्तो कोसोवित्स यांचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शब्दकोश, जान्नी पिंग्वेन्तीनी यांचा १९६९ चा कोश आणि मारियो दोरिया यांचा १९८० च्या दशकातील व्युत्पत्तीसह बृहद्कोश हे प्रमुख टप्पे आहेत.

सद्यस्थिती

इटलीतील अनेक शहरांत बोली वृद्धांपुरत्या किंवा ग्रामीण भागापुरत्या उरल्या असताना त्रिएस्तेत मात्र वकील, डॉक्टर, कामगार, विद्यार्थी असे सर्व थरांतील लोक आपसात त्रिएस्तीनो बोलतात. कार्सोवरील स्लोव्हेन भाषकांपैकीही अनेकांना ती येते. मात्र तिच्यातील जुने शब्द मागे पडत आहेत. स्पार्गेर्त घरातून गेली, तसा तो शब्दही आजीआजोबांच्या आठवणींत उरला. वाक्यरचना व उच्चार यांवर प्रमाण इटालियनचा प्रभाव वाढत आहे. युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या नकाशात व्हेनेशियनची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात आहे.

इटलीच्या १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने स्लोव्हेन, फ्रिउली, जर्मन इत्यादी भाषांना अल्पसंख्याकांच्या भाषा म्हणून संरक्षण दिले. व्हेनेशियनचा त्यात समावेश नाही. फ्रिउली-व्हेनेत्सिया जुलिया प्रांताने २०१० मध्ये आपल्या प्रदेशातील व्हेनेशियन मूळ असलेल्या बोलींच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा केला असून त्यात त्रिएस्तीनोचा अंतर्भाव होतो.

१९२० मध्ये जाळलेले नारोद्नी दोम पुन्हा उभारल्यावर अनेक वर्षे हॉटेल होते. पुढे त्याच इमारतीत त्रिएस्ते विद्यापीठाचे भाषांतरकार व दुभाषे घडविणारे विद्यालय सुरू झाले. आगीला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १३ जुलै २०२० रोजी, इटली व स्लोव्हेनिया या दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत ती वास्तू स्लोव्हेन समाजाकडे परत सोपविण्याच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.